सुरूबनातला माणूस

राजश्री मयेकर ही मुळात भित्री बाई. हे ती स्वतःच सांगायची. लहानपणी विहिरीवर पाणी भरायला गेली तर रहाटापासून हातभर लांब उभी राहायची, आणि वाटेत कुत्रं आडवं आलं तर अख्ख्या वाडीला वळसा घालून घरी यायची. आई म्हणायची, देवाने ह्या पोरीला काळजाच्या जागी चिमणी दिली. लग्न झालं. नवरा निलेश बोटीवर इंजिनिअर, वर्षातले कितीतरी महिने समुद्रात. तो नसला की ही दाराला कडी लावायची, वर कुलूप लावायची आणि अंथरुणावरून उठून दोन्ही परत बघून यायची.

आणि अशा बाईचा पोटापाण्याचा धंदा काय, तर लोकांना भिववणं.

त्याचं असं झालं. तिचे वडील मालवाहू जहाजावर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम होते. एका खेपेला त्यांनी जपानहून छोटासा कीबोर्ड आणला. घरात कुणाला तो वाजवता येईना. राजश्रीने भजनातल्या पेटीवर ऐकलेलं त्याच्यावर काढायला सुरुवात केली आणि कॉलेजात जाईपर्यंत ती गणपतीत, हळदीच्या कार्यक्रमांत गावातल्या ऑर्केस्ट्रात वाजवायला लागली. तिथल्याच एकाच्या ओळखीने ती मुंबईला गेली आणि टीव्हीवरच्या मालिकांना पार्श्वसंगीत देणाऱ्या एका स्टुडिओत चिकटली. सासू दारात येऊन उभी राहते तेव्हा जे धडाम वाजतं, सुनेच्या हातातला दुधाचा पेला दिसतो तेव्हा जे हळूहळू चढत जातं, ते ती वाजवायची. आई इकडे शेजारणींना अभिमानाने सांगायची, ते वाजतं ना, ते आमच्या राजश्रीचं.

त्या स्टुडिओत बसून तिला एक गोष्ट कळली. पडद्यावरची नटी नुसती खिडकीबाहेर बघत उभी असायची. बहुधा तिला भूक लागलेली असायची. पण राजश्रीने खालचे चार सूर दाबले की तीच नटी कुणाला तरी विष घालणार असं वाटायचं. मग राजश्री सूर बदलायची आणि त्याच नटीचा मुलगा वारल्यासारखं वाटायचं. हे तिला इतकं अजब वाटायचं की जेवणाच्या सुट्टीत ती एकटीच बसून एकच तुकडा वेगवेगळ्या सुरांवर लावून बघत राहायची.

पुढे आईला अर्धांगाचा झटका आला म्हणून ती रत्नागिरीला परतली. आई गेली, राजश्री राहिली. मारुती मंदिराजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर अनिल सर नावाचे गृहस्थ फिल्म बनवायला शिकवण्याचा कोर्स चालवत. लग्नाचं शूटिंग करणारे, रील करणारे, मुंबईला जाऊन काहीतरी व्हायचं म्हणणारे असे विद्यार्थी यायचे. अनिल सरांनी राजश्रीला विषय दिला, चित्र आणि संगीत. पहिल्या दिवशी वर्गात शिरण्याआधी ती जिन्यातून दोनदा मागे फिरली. पण कीबोर्डवर हात ठेवला की तिची भीती कुठे जायची कोण जाणे. मुलांना तिचा तास आवडायला लागला. ती आधी काही सांगायचीच नाही. तुकडा दाखवायची, सूर लावायची आणि विचारायची, काय दिसलं?

ह्या डिसेंबरात तिने एक नवा तुकडा आणला. तो तिने स्वतःच भाट्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनात मोबाईलवर काढला होता. खाकी अर्ध्या बाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक काटकुळा म्हातारा खांद्यावर गोणपाटाचं पोतं घेऊन झाडांमधून चालला आहे. पिवळा फ्रॉक घातलेली एक लहान मुलगी धावत त्याच्या मागे जाते. तो थांबतो, इकडेतिकडे बघतो, पोतं खाली ठेवून आत हात घालतो. मग ती मुलगी आणि तो झाडांमध्ये दिसेनासे होतात.

खरं तर चित्रण याहून लांब होतं. म्हाताऱ्याने पोत्यातून माडाच्या पातीची भिंगरी काढून त्या मुलीला दिली होती, आणि भिंगरी फिरेना म्हणून तिला वाऱ्याच्या बाजूला घेऊन गेला होता. मुलीची आई राजश्रीच्या शेजारीच उभी होती, घाटावरून फिरायला आलेली, आणि लेकीची धांदल बघून हसत होती. तिचं हसणंही फोनमध्ये आलं होतं. पण वर्गासाठी तुकडा कापताना राजश्रीने भिंगरी काढून टाकली आणि हसणंही काढून टाकलं. भिंगरी दिसली असती तर संगीताला करण्यासारखं काही उरलं नसतं.

वर्गात आधी तिने तुकडा बासरीवर दाखवला. मुलांचे चेहरे निवळले. शमिका सुर्वे नावाची मुलगी पहिल्या बाकावर बसायची, ती म्हणाली, आजोबा आणि नात. मग राजश्रीने तोच तुकडा पुन्हा लावला आणि कीबोर्डवर अगदी खालचा, खर्जातला एकच सूर दाबून धरला. त्याच्याखाली छातीतल्या ठोक्यासारखा एक बारीक ठोका. म्हाताऱ्याने इकडेतिकडे बघितलं तिथे तिने ठोका थांबवला. पोत्यात हात गेला तिथे सूर अर्धी पट्टी वर सरकवला. वर्गात कुणी हलेना. मागून एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, बंद करा ना."

राजश्रीने दिवे लावले आणि विचारलं की चित्रात काय बदललं? काहीच नाही. मग तुम्ही कशाला घाबरलात? मुलं एकमेकांकडे बघून हसायला लागली. तास इतका रंगला की त्या दिवशी ती घरी जाताना रस्त्यात गुणगुणत होती.

दोन दिवसांनी संध्याकाळी ती बाजारातून भाजीची पिशवी घेऊन आली आणि सोसायटीच्या जिन्यात तिचा पाय पायरीवरच थांबला. वरच्या मजल्यावरून तोच खर्जातला सूर ऐकू येत होता. खाली तोच ठोका. आधी तिला वाटलं भास होतोय. मग सूर अर्धी पट्टी वर सरकला, आणि तो सरकवणारं बोट तिचं होतं.

मथुराकाकू दारात फोन घेऊन उभ्या होत्या. समोरच्याच ब्लॉकमध्ये राहणाऱ्या, राजश्रीच्या आईच्या वयाच्या बाई.

"अगो राजश्री, बरी आलीस. हे बघितलंस काय? भाट्याला पोरं पळवणारा फिरतोय."

फोनमध्ये सुरूचं बन होतं, म्हातारा होता, पोतं होतं. वर्गातल्या पडद्यावरून कुणीतरी उतरवून घेतल्यामुळे चित्र जरा तिरकं आणि काळपट झालं होतं. ते आणखीच भयंकर दिसत होतं. खाली लिहिलं होतं की रत्नागिरीत मुलं पळवणारी टोळी आली आहे, पोत्यात घालून नेतात, हा माणूस दिसला तर सोडू नका.

राजश्रीने काकूंना समजावून सांगितलं की हे खोटं आहे, हे माझ्या वर्गातलं आहे, हा आवाजसुद्धा मीच वाजवलाय. काकूंनी तिच्याकडे बघितलं, परत फोनकडे बघितलं.

"खोटं कसं असेल गो? बघतानाच अंगावर काटा येतो."

राजश्री घरात गेली. पिशवी तशीच दारात राहिली. तिने शमिकाला फोन लावला तर ती आधीच रडत होती. दुसऱ्यांदा तुकडा चालू असताना तिनेच तो मोबाईलवर उतरवून घेतला होता आणि आमच्या मॅडमनी घाम फोडला असं लिहून स्टेटसला ठेवला होता. त्याच दिवशी संध्याकाळी काढूनही टाकला होता. तेवढ्यात कुणी उचलला, कुणी खालचं वाक्य लिहिलं, तिला काही माहीत नव्हतं.

मग राजश्रीने अनिल सरांना फोन केला. सरांनी शांतपणे सांगितलं की लॅपटॉपमधून, फोनमधून जे काही असेल ते सगळं पुसून टाका आणि कुणी विचारलं तर आपल्याला काही माहीत नाही. संस्थेचं नाव बाहेर आलं तर उद्या दाराला कुलूप लागेल.

"आणि मॅडम, पहिलं नाव तुमचं येईल," ते म्हणाले.

एवढं ऐकल्यावर तिच्या डोळ्यांसमोर पोलीस आले, सोसायटीतल्या बायका आल्या, बोटीवर निलेशला मिळणारी बातमी आली. तिने लॅपटॉप उघडला आणि पुसत सुटली. वर्गातला तुकडा पुसला, बासरीवरचा पुसला, फोनमधलं मूळ चित्रण पुसलं, आणि पुसलेलं परत मिळू नये म्हणून कचरापेटीही रिकामी केली. सगळं झाल्यावर ती जरा स्वस्थ बसली आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की भिंगरी आता कुठेच उरली नाही. त्या म्हाताऱ्याने काय केलं होतं ते सांगणारी जगात एक ती घाटावरची बाई, जिचं नावगाव माहीत नाही, आणि दुसरी आपण.

तिने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की तो व्हिडिओ खोटा आहे, पुढे पाठवू नका. एकाने हात जोडल्याचं चित्र टाकलं. एकीने लिहिलं, सावध राहिलेलं काय वाईट? आणि त्याच्याच खाली तिसऱ्याने तोच व्हिडिओ परत टाकला.

सकाळी दाराची बेल वाजली तेव्हा राजश्री दचकून उभी राहिली. भोकातून बघितलं तर शमिका होती, डोळे सुजलेले. मॅडम, तो माणूस शोधूया, एवढंच ती म्हणाली. राजश्रीला ते रात्रभर सुचत होतं आणि रात्रभर ती ते टाळत होती.

स्कूटरवरून दोघी भाट्याला गेल्या. सुरूच्या बनात कुणी नव्हतं. शहाळी आणि चहा विकणाऱ्या रघूच्या टपरीवर राजश्रीने म्हाताऱ्याचं वर्णन सांगितलं, तर रघू लगेच म्हणाला की तो काशीराम. मंडणगडकडचा. इकडे एका बागेत राखणीला असतो, माडाच्या पातीतले हीर काढून खराटे बांधतो आणि आजूबाजूच्या वाड्यांत नेऊन विकतो. बायको गेली, मुलगा मुंबईला. पोरांना भिंगऱ्या करून द्यायची सवय त्याला.

राजश्रीने विचारलं, फिरतोय तो व्हिडिओ बघितलात? रघूने बघितला होता. कालच दोघाचौघांना पाठवलाही होता. त्यात काशीरामच आहे, असं तिने सांगितल्यावर तो हातातली किटली तशीच धरून उभा राहिला.

"मी रोज त्याला चहा देतो हो," तो म्हणाला. "पण त्याच्यात मला तो काशीराम वाटलाच नाय."

काशीराम सकाळीच खराटे घेऊन खाडीच्या आतल्या अंगाला गेला होता. त्याच्याकडे बटणांचा फोन होता, तो लागेना. रघूने वाट सांगितली आणि राजश्रीने स्कूटर काढली. एरवी ती इतकी हळू चालवायची की सायकलवाले पुढे जात. आज कातळावरच्या त्या वळणावळणाच्या रस्त्याने ती कशी गेली ते तिचं तिला कळलं नाही. दर वाडीच्या तोंडाशी ती थांबून कानोसा घ्यायची. एका ठिकाणी बायका भात वाळवत बसल्या होत्या, दुसरीकडे कुणीच नव्हतं. ही सगळी भीती आपल्याच डोक्यातली आहे, काशीराम कुठेतरी झाडाखाली भाकरी खात बसला असेल, असं तिने मनाशी म्हटलं, आणि तेवढ्यात पुढच्या वाडीच्या देवळाकडून गलका ऐकू आला.

देवळासमोर चाळीसएक माणसं जमली होती. बाप्ये पुढे, बायका मागे, बायकांनी मुलांना पोटाशी धरलेलं. रस्त्यावर आडव्यातिडव्या मोटरसायकली. माणसांच्या पायांमधून राजश्रीला खाकी शर्ट दिसला. काशीराम सभामंडपाच्या खांबाला टेकून बसला होता. डोक्यावरचा टॉवेल गळ्यात आला होता आणि उजवं मनगट त्याने डाव्या हाताने धरून ठेवलं होतं. पोतं उलटं करून ओतलेलं. हिरांच्या जुड्या, अर्धवट बांधलेले खराटे, एक कोयता आणि पातीच्या पाचसहा हिरव्या भिंगऱ्या. एकजण भिंगरी वर धरून सगळ्यांना दाखवत होता की ही बघा लालूच, ही दाखवून नेतात पोरांना.

राजश्रीने शमिकाला पोलिसांना फोन लावायला सांगितलं आणि स्वतः स्कूटरचा हँडल धरून उभी राहिली. तिला तिथे कुणी ओळखत नव्हतं. फोन तर केला आहे, पोलीस येतील, आपण फक्त थांबायचं, असं तिचं मन तिला सांगत होतं आणि ते तिला पटतही होतं. तेवढ्यात पुढच्या एका तरण्या माणसाने काशीरामच्या कानशिलात दिली. काशीराम ओरडला नाही. त्याने फक्त मनगट आणखी जवळ घेतलं. राजश्रीने हँडल सोडला. पुढे कुणी विचारलं की तिला सांगता यायचं नाही की कशी गेली. तिला एवढंच आठवायचं की चालताना तिला स्वतःचे दात वाजल्याचा आवाज येत होता.

पायरीवर एक बाई दोन्ही हात पसरून उभी होती. गावची पोलीस पाटील. साडीचा पदर खोचलेला, घसा बसलेला. पोलीस येईपर्यंत हात लावू नका, असं ती परत परत सांगत होती, पण तिच्याही डोळ्यांत भीतीच होती. राजश्री तिच्याजवळ जाऊन म्हणाली, "तो व्हिडिओ मी काढलाय."

गलका जरा थांबला. आणि मग एक म्हातारे गृहस्थ पुढे होऊन म्हणाले की बरं केलंत बाई, तुमच्यामुळे सापडला. मागच्या बायकांपैकी एकीने तिला हात जोडले.

राजश्री सांगायला लागली की तसं नाही, ह्याने काही केलेलं नाही, मुलीची आई माझ्या शेजारीच उभी होती, हा तिला भिंगरी फिरवून दाखवत होता. मी शिकवते. ते भीतीचं संगीत मी मागून घातलंय.

"कसलं संगीत?" पोलीस पाटीलबाईंनी विचारलं.

व्हिडिओला संगीत आहे, हे तिथल्या एकालाही आठवत नव्हतं. सगळ्यांनी तो बघितला होता, काहींनी सकाळपासून चारचारदा. म्हातारा आठवत होता, पोतं आठवत होतं, त्याचं चोरासारखं बघणं आठवत होतं. सूर कुणी ऐकलाच नव्हता. इतकी वर्षं ती वर्गात हेच सांगत आली होती की चांगलं पार्श्वसंगीत ऐकू येत नाही. ते खरं होतं, आणि ते आता तिच्या समोर खांबाला टेकून बसलं होतं.

दाखवायला तिच्याकडे काही नव्हतं. तिने पाटीलबाईंना सांगितलं की तुमच्याच फोनमध्ये लावा, पण आवाज पूर्ण बंद करा. पाटीलबाईंनी एकवार तिच्याकडे बघितलं आणि लावला. पुढची चारपाच माणसं वाकून बघायला लागली. दोन बायका मागून पुढे आल्या. तुकडा संपला.

"परत लाव," एक बाई म्हणाली.

दुसऱ्यांदा बघताना तीच बाई हळूच म्हणाली की पोरगी उड्या मारतेय. मग दुसरी म्हणाली, "पोरगीच त्याचं बोट धरतेय की. त्याने कुठे धरलं?" तिसऱ्या वेळी पाटीलबाईंनी आपणहून आवाज मोठा केला, आणि मग परत बंद केला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. त्यांनी फोन त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या हातात दिला.

सगळे काही निवले नाहीत. ज्याने कानशिलात दिली होती त्याने फोनकडे बघायलाच नकार दिला. तो म्हणाला की ही बाई पण त्यांच्यातलीच असेल तर? शिकवते म्हणजे कोण? त्याच्या मागच्या दोघांनी माना हलवल्या. एकाने राजश्रीच्या खांद्यावरची पर्स ओढली. पट्टा तिच्या दंडाला काचला आणि तिला आपण आता इथेच पडणार असं वाटलं. तिने डोळे मिटले नाहीत, कारण मिटले तर परत उघडतील याची तिला खात्री नव्हती. पाटीलबाई मध्ये आल्या, त्या दोन बायकाही आल्या, आणि त्या तिघींच्या पाठीमागे ती काशीरामशेजारी खांबाला टेकून बसली. तिच्या खांद्याला त्याचा खांदा लागला. तोही कापत होता. पोलिसांची गाडी येईपर्यंत दोघं तशीच बसून होती, एकमेकांकडे न बघता.

पोलीस ठाण्यात तिने सगळं सांगितलं. तुकडा कापल्याचं, सूर घातल्याचं, पुसल्याचंही. शमिकाने आपलं सांगितलं. काशीरामचं मनगट मोडलं होतं. सरकारी दवाखान्यात प्लास्टर घालून त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं, तिथे राजश्री त्याच्यासाठी चहा घेऊन गेली. क्षमा मागायला तोंड उघडलं तर रडूच आलं. काशीरामने डाव्या हाताने कप घेतला. एक घोट घेऊन तो म्हणाला.

"बाय, तुमी माजा इडिओ काडलाव, तवा मला हाक का नाय मारलाव?"

तो रागाने बोलला नव्हता. त्याला खरंच कळून घ्यायचं होतं. हाक मारली असती तर तो थांबला असता, हसला असता, चित्र बिघडलं असतं, हे त्याला सांगण्यासारखं नव्हतं.

पुढे व्हायचं ते झालं. व्हिडिओखाली ते वाक्य लिहिणारा कोण ते शेवटपर्यंत सापडलं नाही. मारणाऱ्यांतल्या तिघांवर गुन्हा दाखल झाला. राजश्रीला जबाबासाठी तीनचारदा बोलावलं आणि दर वेळी आदल्या दिवसापासून तिला जेवण गेलं नाही. अनिल सरांनी काही दिवस वर्ग घेऊ नका असं सांगितलं आणि ते काही दिवस संपलेच नाहीत. मथुराकाकूंनी दोन आठवडे तिच्याशी बोलणं टाकलं, मग एका दुपारी वाटीभर सोलकढी घेऊन आल्या आणि ओट्यावर ठेवून गेल्या. निलेशला तिने सगळं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, तू पुढे गेलीस? तू? त्याचा विश्वास बसायला वेळ लागला.

काशीरामला त्याचा मुलगा येऊन मंडणगडला घेऊन गेला. व्हिडिओ मात्र कुठे गेला नाही. अजून मधूनच तो वर येतो, कधी दुसऱ्याच जिल्ह्याचं नाव घेऊन. प्रत्येक वेळी राजश्री खाली उत्तर लिहिते की हा माणूस निर्दोष आहे, हे मी केलेलं आहे. त्यावरून तिला शिव्याही येतात.

उन्हाळ्यात शमिका आणि वर्गातली आणखी चारपाच मुलं तिच्या घरी आली आणि म्हणाली, इथेच शिकवा. तिने नाही म्हटलं. मग आठ दिवस विचार केला आणि एकटीच एसटीने मंडणगडला गेली. काशीरामचं घर डोंगराच्या कुशीत, रस्त्यापासून बरंच आत होतं. चढ चढताना तिला वाटत होतं की मुलगा हाकलून देईल, कदाचित अंगावर येईल. मुलगा घरी नव्हता. काशीराम अंगणात बसला होता. मनगट बरं झालं होतं पण हातात कोयता नीट धरता येत नव्हता, हीर आता सून काढायची आणि तो नुसता बांधायचा. सुनेने चहा दिला. राजश्रीने त्याला सांगितलं की मुलं परत शिकवा म्हणतायत. शिकवायचं तर जे झालं ते सांगूनच शिकवावं लागेल, आणि ते त्याला विचारल्याशिवाय सांगणार नाही.

काशीराम खराट्याची दोरी दाताने ओढत होता. त्याने गाठ बसवली.

"नाव सांगा," तो म्हणाला. "काशीराम बोलून सांगा. पन तोंड नका दाकवू."

राजश्रीने मान हलवली. परत फिरताना उतारावर एका घरात टीव्ही चालू होता, मालिकेतलं काहीतरी चढत्या सुरात वाजत होतं, आणि ती तिथून जवळजवळ पळतच खाली रस्त्यावर आली.

पुढच्या रविवारी मुलं आली. तिने कीबोर्डवरचं कापड काढलं, बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि परत उचलली. मग तिने कीबोर्ड बंदच ठेवला आणि सांगायला सुरुवात केली, की काशीराम नावाचे एक गृहस्थ आहेत, ते खराटे बांधतात.